रोज पंधरा मिनिटं, पण रोज : नवी भाषा शिकणाऱ्यांसाठी धागा

अर्धविराम

नमस्कार मंडळी,

जर्मन शिकायला मी आजवर तीनदा सुरुवात केली. पहिल्यांदा शनिवार-रविवारचा वर्ग लावला. दोन दिवस चार-चार तास आणि मधले पाच दिवस वही बॅगेतच. दर शनिवारचा पहिला तास मागच्या रविवारचं आठवण्यात जायचा. परीक्षा पास झालो, पण सहा महिन्यांनी स्वतःची ओळख करून देण्यापलीकडे काही शिल्लक नव्हतं. दुसऱ्यांदा पंधरा दिवसांची रजा काढून सकाळ-संध्याकाळ फक्त जर्मन केलं. त्या पंधरा दिवसांत खरोखर बरीच मजल मारली. मग कामावर रुजू झालो आणि पुस्तक परत उघडलं ते थेट सात महिन्यांनी.

तिसरी खेप गेली अडीच वर्षं चालू आहे. यावेळी ठरवलं एवढंच की रोज पंधरा मिनिटं करायची. आज मी जर्मन वर्तमानपत्रातला लेख दोन-चारदा शब्दकोश बघून वाचतो आणि फोनवर अर्धा तास बोलू शकतो. चुका होतात, पण बोलणं अडत नाही.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली विस्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोग त्याने स्वतःवरच केले होते. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि काही काळाने तेच पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात ते मोजायचं. एका दिवसानंतर वाचलेले श्रम जेमतेम एक तृतीयांश भरले. बाकीचे रात्रीतून गेले. महिन्यानंतर मात्र पाचवा हिस्सा अजून टिकून होता. म्हणजे मोठी पडझड पहिल्या काही तासांतच होते, नंतर ती मंदावते. त्याचं दुसरं निरीक्षण मला जास्त मोलाचं वाटतं. बारा अक्षरगटांची ओळ एका बैठकीत ६८ वेळा घोकून जो फायदा झाला, साधारण तोच तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ आवर्तनांनी झाला.

माझे शनिवार-रविवारचे तास कुठे वाहून गेले ते हे वाचल्यावर कळलं. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, पण या तळ्याला गळती आहे. एखादा शब्द विसरायच्या बेतात असताना तो ओढून आठवला की त्या शब्दापुरती गळती थोडी बुजते. हे काम आठवड्यातून एकदा बसून होत नाही, कारण तोवर आठवायला काही उरलेलंच नसतं.

माझी पंधरा मिनिटं तीन तुकड्यांत असतात. सकाळी दात घासून झाले की, फोनवरचे निरोप बघण्याआधी, शब्दांची कार्डं : एका बाजूला जर्मन, दुसऱ्या बाजूला अर्थ. पाच शब्द नवे, बाकी जुने. सुटा शब्द कधीच लिहीत नाही, तो वाक्यात हवा, आणि नाम असेल तर लिंगासकट. मराठीत तीन लिंगं असल्यामुळे ही कल्पना आपल्याला समजावून सांगावी लागत नाही, फक्त जुळणी निराळी आहे. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांची 'झोनं' स्त्रीलिंगी. 'मेटशन' म्हणजे मुलगी, ती नपुंसकलिंगी. येता-जाता पाच मिनिटं ऐकणं. डॉइच वेलं ही प्रसारणसंस्था शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम सावकाश वाचलेल्या बातम्या देते, त्या मला फार उपयोगी पडल्या. आणि झोपण्याआधी दिवसाबद्दल तीन वाक्यं, हाताने लिहून.

किमान मर्यादा अशी ठेवली आहे की सगळ्यात वाईट दिवशीही ती जमली पाहिजे. ताप असताना मी एक कार्ड आणि एक वाक्य एवढंच केलेलं आहे. त्या दिवशी शिकलो काहीच नाही, पण दुसऱ्या दिवशी 'पुन्हा सुरुवात' करावी लागली नाही. माझ्या आधीच्या दोन्ही खेपा त्या 'पुन्हा सुरुवात' करण्याच्या धास्तीनेच संपल्या होत्या.

तुमचे अनुभव लिहा. कुठे अडलात ते तर जरूर लिहा.

सांजवात

वाखूसा (वाचनखूण साठवली)! मीही जर्मनच शिकतेय, किंवा शिकत होते म्हणा. २१ दिवसांत सवय लागते असं सगळीकडे वाचलं होतं. मी तीन वेळा २१ दिवस पूर्ण केले आणि तिन्ही वेळा पुढच्या आठवड्यात सुटलं. आता वाटायला लागलंय की चिकाटी हा गुण माझ्यात नाहीच.

अनुस्वार

सांजवातताई, तो २१ आकडाच मुळात चुकीचा आहे. १९६० साली मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान २१ दिवस लागतात. त्यातला 'किमान' गळाला, चेहरा गळाला, आणि '२१ दिवसांत कोणतीही सवय लागते' एवढंच लोकांच्या तोंडी राहिलं.

प्रत्यक्ष मोजणी केली ती युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २०१० साली छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात ९६ जण होते. प्रत्येकाने एक साधी गोष्ट निवडून १२ आठवडे रोज करायची होती. कृती विचार न करता आपोआप व्हायला लागेपर्यंतचा काळ मध्यम हिशोबाने ६६ दिवस आला. पण पल्ला बघा, कुणाला १८ दिवस तर कुणाला अंदाजे २५४. तुम्ही २१व्या दिवशी 'आता सवय लागली' असं समजून आधार काढून घेतलात, तेव्हा ती लागलेलीच नव्हती. यात तुमच्या चिकाटीचा काय दोष?

त्याच अभ्यासातली अजून एक गोष्ट : मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय जडण्याच्या वेगावर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. चुकलेला दिवस भरून काढायच्या मागे लागू नका. दुसऱ्या दिवशी नेहमीएवढंच करा.

कोरा_कागद

धागा चांगला आहे, पण मला थोडं विरोधात बोलायचंय. रागावू नये.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरिन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला कामकाजापुरती भाषा यायला किती वेळ लागतो, याचे त्यांचे अनेक वर्षांच्या अनुभवाचे आकडे आहेत. फ्रेंच-स्पॅनिशसारख्या भाषांना वर्गातले साधारण ६०० ते ७५० तास. जपानी, चिनी, कोरियन, अरबी यांना सुमारे २,२०० तास. वर घरी करायचा अभ्यास वेगळाच.

रोज पंधरा मिनिटं म्हणजे वर्षाला ९१ तास. या हिशोबाने फ्रेंचला सात-आठ वर्षं आणि जपानीला २४ वर्षं लागतील. हे लोकांना आधीच सांगितलं पाहिजे. मी स्वतः एका 'रोज दहा मिनिटं' गटात दोन वर्षं होतो. सगळे जण एकमेकांना शाबासकी देत होते आणि कुणालाच भाषा येत नव्हती. शेवटी मी तीन महिने रोज तीन तास बसलो, तेव्हा गाडी हलली. छोट्या सवयीने समाधान मिळतं, आणि मला भीती वाटते ती त्या समाधानाचीच.

निशिगंध

कोरा_कागद यांचं म्हणणं पटतंय, पण तीन तास आणायचे कुठून? माझी पाळी बदलत राहते. एक आठवडा दिवसपाळी, एक रात्रपाळी. 'रोज सकाळी सात वाजता' हे माझ्या आयुष्यात शक्यच नाही, त्यामुळे घड्याळाला बांधलेली प्रत्येक सवय मोडली. टिकली ती कृतीला बांधलेली. कामावरून आल्यावर बूट काढले की खुर्चीत बसून दहा कार्डं. बूट सकाळी सहाला निघोत की रात्री दहाला, त्यानंतर कार्डं येणारच.

माझी कार्डं कागदाची आहेत. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये मांडलेली खोक्याची पद्धत. खोक्यात पाच कप्पे. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. उत्तर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, पुढचे क्रमाने जास्त जास्त दिवसांनी. त्यामुळे सगळा वेळ जड जाणाऱ्या शब्दांवर खर्च होतो. दिवसभर पडद्याकडे बघून डोळे शिणतात, त्यामुळे कागद हातात घ्यायला बरं वाटतं. कार्ड तीनदा परत आलं की त्याचा कोपराही मऊ होतो, आणि तो शब्द अवघड आहे हे बोटांनाही कळतं.

मी जपानी शिकते आहे. ते २,२०० तास इंग्रजी बोलणाऱ्यांचे आहेत हे विसरू नका. 'एकि दे तोमोदाचि ओ मात्सु' : स्टेशनवर मित्राची वाट बघतो. एकि म्हणजे स्टेशन, त्याला 'दे' लागलं की 'स्टेशनवर'. आपल्यासारखाच प्रत्यय नामाच्या मागे आणि क्रियापद शेवटी. इंग्रजी बोलणाऱ्याला वाक्य उलटं करायला महिनोन्महिने लागतात, आपल्याला ते पहिल्याच दिवशी सरळ दिसतं. कांजीत, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांत, मात्र मराठीची काही मदत होत नाही. २०१० च्या सुधारित सरकारी यादीत नेहमीच्या वापरातल्या २,१३६ कांजी आहेत. मी चार वर्षांत साडेआठशेपर्यंत पोचले आहे.

अर्धविराम

कोरा_कागद, रागवायचं काय त्यात? तुमचं गणित बरोबर आहे आणि ते मी मूळ लेखातच लिहायला हवं होतं.

मी रोजच्या वहीत मिनिटं टिपून ठेवतो. तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री बेरीज केली. अडीच वर्षांत ६२० तास झाले, म्हणजे दिवसाला सरासरी चाळीस मिनिटं. ठरवलेली पंधरा आणि झालेली चाळीस! नुसत्या पंधरा मिनिटांवर सव्वादोनशे तास झाले असते आणि तेवढ्यात मी इथवर आलो नसतो. हे कबूल.

पण ती जास्तीची मिनिटं आली कशी? मी ती कधीच ठरवली नव्हती. पाच मिनिटं बातम्या ऐकायला बसलो की एखादा विषय आवडायचा आणि अर्धा तास जायचा. तीन वाक्यं लिहिताना चौथ्यासाठी शब्द शोधावा लागायचा. पंधरा मिनिटांमुळे मी बसतो आणि एकदा बसलो की बऱ्याचदा उठावंसं वाटत नाही. रोज एक तास ठरवला असता, तर तास मिळत नाही त्या दिवशी बसलोच नसतो. माझ्या वहीत असे दिवस निम्म्याहून जास्त आहेत.

तुमचे तीन महिने का फळले याबद्दलही मला एक शंका आहे. त्याआधीची दोन वर्षं अगदीच वाया गेली होती का? रोज दहा मिनिटं करून कानाला सवय झालेली, काही शे शब्द तयार असलेले, अशा जमिनीवर ते तीन तास पडले. माझे पंधरा दिवस कोरड्या जमिनीवर पडले होते.

कोरा_कागद

हे मान्य. तीन तासांना बसलो तेव्हा मला लिपी येत होती, शब्द बऱ्यापैकी होते, हे खरं आहे. अशा बाजूने विचार केला नव्हता. तरी माझा आग्रह राहील की मिनिटं टिपून ठेवा. नुसता 'आज केलं'चा टिळा पुरेसा नाही.

पाऊलखूण

कोरा_कागद यांना +१. माझी गोष्ट सांगते.

एका ॲपवर माझी ४०० दिवसांची अखंड स्ट्रीक होती, स्पॅनिशची. एकदा प्रवासात एका स्पॅनिश बाईंनी मला साधा रस्ता विचारला. उजवीकडे, डावीकडे, सरळ हे सगळे शब्द मी शेकडो वेळा 'बरोबर' ओळखले होते. तोंडातून एकही निघाला नाही. त्या हसून दुसऱ्याला विचारायला गेल्या आणि मी तिथेच उभी राहिले.

नंतर लक्षात आलं की ४०० दिवस मी फक्त ओळखण्याचा सराव केला होता. चार पर्यायांतला बरोबर कोणता हे कळणं वेगळं, आणि कोऱ्या मनातून तो शब्द स्वतः काढणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांनी उतारा वाचला, मग काहींनी तो पुन्हा वाचला आणि काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे. सराव करताना सोपं वाटतं ते हातात राहतंच असं नाही.

मी स्ट्रीक सोडून दिली. सोपं नव्हतं, ४०० हा आकडा माया लावतो. आता रोज पाचच वाक्यं करते, पण मराठी झाकून नाही, मराठी बघून स्पॅनिश मोठ्याने म्हणायचं. पहिल्या महिन्यात पाच वाक्यांना वीस मिनिटं लागायची. उच्चारात मराठीने हात दिला. स्पॅनिशमधले प, त, क आपल्यासारखेच श्वासाच्या झोताशिवाय येतात. इंग्रजी बोलणाऱ्यांना ते मुद्दाम शिकावे लागतात.

जुनी_वही

पाऊलखूण यांनी मोठ्याने म्हणण्याचा मुद्दा काढला म्हणून लिहितो. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी फ्रेंच सुरू केलं, आता चौसष्ट पूर्ण आहेत.

ट्रॉयचं उत्खनन करणारे हाइनरिश श्लीमन तरुणपणी ॲमस्टरडॅममध्ये कारकून होते. तिथे त्यांनी इंग्रजी शिकायला घेतली. खूप मोठ्याने वाचायचं, भाषांतर करायचं नाही, रोज एक तास द्यायचा, आवडीच्या विषयावर निबंध लिहायचा, शिक्षकाकडून तो सुधारून घ्यायचा आणि सुधारलेला निबंध पाठ करून दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवायचा. कामानिमित्त बाहेर पडले की हातात पुस्तक असे, पोस्टात रांगेत उभं असतानाही वाचन चाले. आपण रांगेत काय बघत असतो ते आठवून पाहा.

आणि हंगेरीच्या दुभाषी काटो लोंब. त्यांनी बऱ्याच भाषा शिकल्या आणि त्याही बहुतांशी स्वतःच्या स्वतः. रोज भाषेला हात लागलाच पाहिजे, दुसरं काही जमलं नाही तर निदान दहा मिनिटांचं स्वगत तरी करावं, असा त्यांचा सल्ला होता. मी तो धरून ठेवला. फिरायला जातो तेव्हा मनातल्या मनात फ्रेंचमध्ये बोलतो : समोर काय दिसतंय, काल काय झालं, उद्या काय करायचंय. शब्द अडला की थांबायचं नाही, वळसा घालून सांगायचं. 'शिडी' आठवली नाही तर 'वर चढायची लाकडी वस्तू'. घरी आल्यावर अडलेले दोन-तीन शब्द बघायचे. हे शब्द विसरत नाहीत, कारण त्यांची गरज आपल्याला आधी भासलेली असते.

या वयात स्मरणशक्ती साथ देत नाही असं लोक म्हणतात. आवर्तनं जास्त लागतात एवढं खरं, पण माझ्याकडे वेळही जास्त आहे.

चकोर

सगळ्यांचे प्रतिसाद मन लावून वाचले. माझा प्रश्न वेगळा आहे. मी फ्लॅशकार्डांच्या ॲपवर रोज वीस नवे शब्द घेत होतो. आजारपणात अठरा दिवस गेले. परत उघडलं तर १,४०० कार्डं उजळणीसाठी थांबलेली. तो आकडा बघून ॲप बंद केलं, ते दोन महिने झाले तरी उघडायचा धीर होत नाही. काय करू?

निशिगंध

चकोरदादा, हे माझ्या बहिणीचंही झालं होतं. नवे शब्द पूर्ण बंद करा, शून्य. रोजच्या उजळणीला मर्यादा घाला, साठ किंवा ऐंशी, आणि ती संपली की त्या दिवशीचं झालं. १,४०० कडे बघूच नका. त्यातले निम्मे तुम्हाला अजून येत असतील आणि ते भराभर मागे पडतील. बहिणीचा ढीग पाच-सहा आठवड्यांत उतरला.

पुढे वीसवर जाऊ नका. आजचे वीस शब्द उद्या परत येतात, चार दिवसांनी परत येतात, दोन आठवड्यांनी परत येतात. प्रत्येक नवा शब्द म्हणजे पुढच्या बऱ्याच दिवसांचं देणं. सहा-सात घ्या.

तळटीप

आमच्या घरात तमिळ आली ती लग्नामुळे. सासूबाईंशी बोलता यावं एवढीच इच्छा होती. मी पुस्तक घेतलं नाही, रोज रात्री त्यांना फोन करून एक वाक्य तमिळमध्ये बोलायचं ठरवलं. एकच. बाकी बोलणं इंग्रजीत. पहिले दोन महिने ते वाक्य मी दुपारपासून घोकत असे.

एक दिवस मी म्हणाले, 'आम्ही उद्या येतोय', आणि त्यासाठी 'नाम' वापरलं. त्या क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, 'नांगळ'. आपल्या 'आपण' आणि 'आम्ही'मध्ये जो फरक आहे तोच. 'नाम'मध्ये ऐकणारा धरलेला असतो, 'नांगळ'मध्ये नसतो. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, म्हणून पुस्तकात हा मुद्दा पानभर समजावलेला असतो. मला त्या एका शब्दात कळला, कारण तो माझ्याच भाषेत होता.

आता फोनवरचं इंग्रजी जवळपास संपलंय. कधी संपलं ते दोघींनाही सांगता येणार नाही.

अर्धविराम

तळटीप, फार सुंदर. सवय माणसाला बांधली तर ती घड्याळापेक्षा आणि बुटांपेक्षाही घट्ट बसते असं दिसतंय. समोरून कुणीतरी वाट बघत असतं.

सांजवात

वर यायला उशीर झाला. अनुस्वार यांचा प्रतिसाद वाचून त्याच रात्री परत सुरुवात केली. रोज तीन कार्डं आणि एक वाक्य, त्याहून जास्त ठरवलं नाही. आज अकरावा दिवस. एक दिवस चुकला, तो चुकूच दिला.

आजचं वाक्य इथे लिहिते, चूक असेल तर सांगा. 'इश लेर्नं झाइट एल्फ टागं डॉइच.' मी अकरा दिवसांपासून जर्मन शिकतेय.

अर्धविराम

जवळजवळ अचूक! एकच दुरुस्ती. 'झाइट' नंतर चतुर्थी येते आणि चतुर्थीच्या अनेकवचनात नामाला शेवटी 'न' लागतो, म्हणून 'टागं' नाही, 'टागन'. इश लेर्नं झाइट एल्फ टागन डॉइच.

आणि तुम्ही वर्तमानकाळ वापरलात तो अगदी बरोबर आहे. इंग्रजीतून विचार करणारे इथे हमखास भूतकाळाकडे वळतात. 'शिकतेय' हे मराठीतून सरळ आलं ना? उद्याच्या वाक्यात 'वाइल' घालून बघा, 'कारण' या अर्थी. त्यानंतरचं क्रियापद शेवटी जातं, 'वाइल इश म्यूडं बिन' : कारण मी दमले आहे. 'बिन' आपल्या 'आहे'च्या जागी येऊन बसतं.

सांजवात

टागन. लिहून घेतलं. उद्या रात्री 'वाइल'चं वाक्य टाकते.